टेबलाची सपाटी

आमच्या मशीननं कोरलेलं पहिलं अक्षर उलटं आलं. हर्षलनं तिला माझ्या नावाचा 'स' कोरायला सांगितला होता. तिनं तो आरशात दिसावा तसा कोरून दिला. सासूबाई शेडच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी फळी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "संजीवनीचा हाय ना, मंग सरळ कसा येईन?" आम्ही तिघं इतके हसलो की पलीकडच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

एका मोटरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या, एवढंच. त्या बदलल्यावर 'स' सरळ आला.

हर्षल म्हणजे माझा नवरा. तो जालन्याला एका कारखान्यात मशीन दुरुस्तीवर होता. कारखाना बंद पडला तसे आम्ही बीबीला, त्याच्या गावी घरी आलो. इथं तो विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरून देऊ लागला. मी बुलढाण्याची, लग्नाआधी तिथं कोर्टासमोरच्या एका दुकानात लग्नपत्रिका आणि पाट्यांची डिझाइनं करायची. त्याला लोखंड कळत होतं, मला कॉम्प्युटर. मग त्याच्या डोक्यात आलं की आपण सीएनसी राउटर बनवू. लॅपटॉपवर नक्षी काढायची, मशीननं ती लाकडात कोरायची. तयार मशीन घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून घरीच.

मेहकरच्या भंगारातून सरकत्या खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी आणल्या, त्यांचा सांगाडा झाला. एक झेरॉक्स सेंटर बंद झालं होतं, तिथले मेलेले प्रिंटर उघडून गुळगुळीत सळया काढल्या. त्यांच्यावर मशीनचा गाडा सरकायला लागला. आट्यांचे गज हार्डवेअरच्या दुकानातले. छोट्या मोटारी आणि त्यांना चालवणारं सर्किट तेवढं ऑनलाइन मागवलं. कोरायला सुतार हातात धरतात तो ट्रिमर, तोही जुना, गाड्याला पट्ट्यांनी आवळलेला. वायरी बांधायला काही उरलं नाही तेव्हा सासूबाईंनी जुन्या लुगड्याचे काठ फाडून दिले, त्यामुळे आमच्या मशीनला किनार होती. त्या तिला 'धाकली' म्हणत, म्हणजे धाकटी सून. सकाळी शेतातून वांगी तोडून आल्या की पहिला प्रश्न, "धाकली उठली का?"

टेबल मात्र कोरं करकरीत होतं. एमडीएफची जाड पाटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आली होती. ते प्लास्टिक मी स्वतः फाडलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं ज्यांना ज्यांना ही गोष्ट सांगितली, त्यांनी आधी हेच विचारलं: लाकूड कुठलं, जागा कोणाची. पाटी कारखान्यातली होती. आणि शेडच्या जागी पूर्वी कडबा रचत असत.

पहिलं मोठं काम गावातल्या उत्तमरावांचं आलं. त्यांचं नवं घर उभं राहत होतं, वैशाखात वास्तुशांती. मुख्य दाराच्या दोन्ही फळ्यांवर त्यांना नक्षी पाहिजे होती. मी मोराचे, कलशाचे नमुने दाखवले.

"मोर-बीर नको," ते म्हणाले. "मोरानं आमचं काय केलं? पऱ्हाटी काढ, पोरी. बोंडं फुटेल पऱ्हाटी." म्हणजे कपाशीचं झाड, बोंडं फुटलेलं.

त्यांच्या बायकोनं, कोकिळाकाकूंनी, लगेच बजावलं, "अन् पानाले भोकं नको पाडजो. अळी आल्यावानी दिसंन."

लाकूड त्यांचंच होतं. त्यांच्या वडलांनी बांधावर लावलेला साग, वाळवून, रंधून आमच्याकडे आणला. उत्तमरावांनी फळ्या उतरवताना तळहातानं पुसल्या. "हेच हायेत," ते म्हणाले. "बिघडल्या तं दुसऱ्या नाईत." हसत म्हणाले, पण त्या रात्री हर्षल नीट जेवला नाही.

खिडक्यांच्या चौकटींचा सांगाडा कितीही ठोकून बसवला तरी पुरता सरळ होत नाही. टेबल एका कोपऱ्यात जरा खाली असतं, दुसऱ्यात वर. उथळ नक्षीत तेवढ्यानंही एक पान खोल जातं आणि दुसरं उमटतच नाही. यावरचा उपाय सोपा आहे. ट्रिमरच्या जागी हर्षलनं एक बारीक बटण बसवलं, त्याच्याखाली स्प्रिंगवर सायकलच्या आऱ्याचा तुकडा. मशीन तो आरा ओळीनं जागोजागी टेकवत जाते. आरा टेकला की बटण वाजतं, टिक, आणि त्या जागेची उंची लॅपटॉपमध्ये जाते. सगळ्या टेबलाचा नकाशा तयार होतो: सखल भाग निळा, उंच भाग लाल. मग कोरताना मशीन तो नकाशा पाहून हत्यार वरखाली करते.

पहिला नकाशा घेतला ती दुपार होती. शेडचा पत्रा तापून तडतडत होता. कोपरे आम्हाला वाटलं होतं तसेच आले. पण मधोमध एक लाल डाग होता, कोणी तिथं भाकर ठेवावी तेवढा.

हर्षलनं पोलादी पट्टी टेबलावर उभी धरली आणि वाकून पाहिलं. पट्टीखालून कुठंच उजेड येत नव्हता. मध्ये टेबल सपाट होतं.

"वायरीत करंट घुसून राह्यला," तो म्हणाला. "कूलर बंद कर."

कूलर बंद केला. आम्ही घामाघूम होऊन दुसरा नकाशा घेतला. डाग तसाच होता, फक्त थोडा डावीकडे सरकलेला.

"पाह्य, हललं!" हर्षल खूश झाला. "टेबल कुठी हलते का? वायरच हाय."

मलाही पटलं. त्यानं सगळ्या वायरी बदलल्या, त्यांना पोळ्या बांधायची चंदेरी फॉइल गुंडाळली. सासूबाईंनी कौतुक केलं, "धाकलीले चांदीचे दागिने केले. मोठीले काई नाई." शेडमागं खड्डा खणून कोळसा-मीठ घालून नवा अर्थिंगचा गज रोवला. मी दोन टेकण्यांमधलं अंतर कमी केलं, म्हणजे नकाशा बारीक येईल. मशीन लावून आम्ही जेवायला गेलो. घरात बसूनही ऐकू येत होतं. टिक. टिक. टिक.

परत आलो तेव्हा डाग भाकरीसारखा राहिला नव्हता. त्याच्या पुढच्या बाजूला चार लांबट उंचवटे होते, आणि एक आखूड, बाजूला.

हर्षल स्क्रीनकडे पाहत राहिला. "पाच कसे काय?" तो म्हणाला.

सासूबाई ताकाचे पेले घेऊन आल्या. त्यांनी स्क्रीनवर एक नजर टाकली. "हात हाय ना," त्या म्हणाल्या. "कोनाचा काढला?"

पालथा हात होता. मनगट भिंतीकडे, बोटं आमच्याकडे. टेबलापलीकडे बसून कोणी आरामात हात पुढं टाकावा तसा. पलीकडे बसायला जागा नव्हती. टेबल भिंतीला चिकटून होतं.

आम्ही ताक प्यायलो. मग हर्षलनं आरा एकट्या त्या जागेवर नेऊन खाली सोडला, आणि आम्ही दोघं टेबलाच्या पातळीला डोळे आणून बसलो.

आरा खाली आला. टेबलापासून बोटभर उंचीवर, हवेत, थांबला. टिक.

मी बटणाकडे पाहत होते. करंटची गडबड असती तर बटण नुसतं वाजलं असतं. पण स्प्रिंग दबली होती. आऱ्याचं टोक कशावर तरी टेकलं होतं, आणि ते जे होतं ते किंचित मऊ असावं, कारण आरा टेकल्यावर जरा खाली दबला आणि मग थांबला.

हर्षलनं आऱ्याखालून हात फिरवला. मी फिरवला. हवा. पाटीवर लाकडाचा बारीक भुसा. आणखी काही नाही.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तसंच.

तुम्हाला वाटेल आम्ही पळालो असू. खरं सांगायचं तर आम्ही फार मजेत होतो. भर दिवस होता, बाजूला म्हैस रवंथ करत होती, सासूबाई मीठ कमी पडलं का विचारत होत्या. आमच्या भंगारातल्या मशीननं असं काही पकडलं होतं जे पट्टीनं सापडत नव्हतं आणि हातालाही लागत नव्हतं. हर्षलला तर भीतीपेक्षा अभिमानच वाटत होता. "पॉइंट एक मिलिमीटर पकडते," तो मला म्हणाला. "जालन्याच्या मशीनीनं नसतं पकडलं."

दुसऱ्या दिवशी हात उताणा होता. बोटं जराशी वाकलेली, तळवा वर.

"काई मागून राह्यला वाटते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी आत जाऊन एक छोटी कैरी आणली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. आम्ही हसलो. कैरी तिथंच राहिली, गायब वगैरे झाली नाही. दुपारी मी ती उचलली, चिरली, तिखट-मीठ लावून तिघांनी खाल्ली. मग मोकळ्या टेबलाचा नकाशा घेतला.

बोटं मिटलेली होती. कशावर तरी, गोल वस्तूवर मिटावीत तशी.

हर्षलच्या तोंडात कैरीची शेवटची फोड होती. ती त्यानं बाहेर काढून हातात धरली आणि बराच वेळ कुठं टाकावी ते त्याला कळेना.

त्यानंतर गंमत थोडी कमी झाली, कारण वास्तुशांती जवळ आली होती. आम्ही टाकाऊ फळीवर नक्षी करून पाहिली. मशीन नकाशाप्रमाणे चालली: बोंडं कोरत मध्ये आली, तिथं हत्यार अलगद वर उचललं गेलं, हवेत नक्षी काढत पलीकडे गेलं आणि पुन्हा लाकडात उतरलं. फळी पुसली तर सगळीकडे पऱ्हाटी आणि मधोमध हाताच्या आकाराची कोरी जागा. नकाशा न वापरता केलं तर एका कोपऱ्यात पानं खोल गेली, आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोंडं उमटलीच नाहीत. उत्तमरावांच्या सागावर यातलं काहीच चालणार नव्हतं.

एकच मार्ग होता. नकाशातला हात पुसून टाकायचा, बाकी नकाशा ठेवायचा.

सकाळीच आम्ही सागाची पहिली फळी टेबलावर आवळली आणि आरा तिच्यावरून फिरवला. हात आता फळीवर होता, पालथा, बोटं पसरलेली. मी लॅपटॉपवर तेवढा लाल भाग निवडला आणि आजूबाजूच्या उंचीचा करून टाकला. एका क्लिकचं काम. नकाशा स्वच्छ झाला. हर्षलनं आरा काढून ट्रिमर चढवला आणि चालू केला. त्याचा आवाज शेडभर झाला. चालीचं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं.

"दाब," तो म्हणाला.

"तुम्ही दाबा."

"तुया हातात हाय ना लॅपटॉप."

मी बटणावर बोट ठेवलं. ट्रिमरचं पातं इतक्या वेगानं फिरत होतं की दिसतच नव्हतं. त्याच्या पुढं फळी रिकामी होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहत होते की फळी रिकामी आहे. आणि माझं बोट खाली जात नव्हतं.

"संजू, तिथं काई नाई."

"मले मालूम हाय."

"मंग?"

"मंग तुम्ही दाबा ना."

हर्षलनं हात पुढं केला, मागं घेतला आणि ट्रिमर बंद केला. शेडमध्ये एकदम शांतता झाली. दारात सासूबाई उभ्या होत्या, डोक्यावर वांग्यांची टोपली तशीच.

"काऊन थांबले बे?" त्यांनी विचारलं.

"आई, मधात तो..." हर्षलनं फळीकडे बोट दाखवलं. "म्हणजे, नाई काई. पन नकाशात येऊन राह्यला."

"हात हाय तं सरकव म्हना."

"कोनाले म्हणू?"

"ज्याचा हाय त्याले." त्यांनी टोपली खाली ठेवली, पदरानं कपाळ पुसलं आणि टेबलाजवळ आल्या. रस्त्यात बैलगाडी आडवी लावणाऱ्याशी बोलावं तसं, न रागावता, भिंतीकडे तोंड करून बोलल्या, "बाप्पा, जरासा हात घे बाजूले. लेकराइचं काम अडलं. मानसाचं दार हाय, खराब झालं तं कसं होईन? काम होऊ दे, मंग जेवाले ये. रसपोळी करतो."

आणि टोपली उचलून निघून गेल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. हर्षलनं ट्रिमर काढला, आरा बसवला, मी नकाशा पुन्हा लावला. टिक. टिक. मधल्या ओळी आल्या. आरा खाली आला. आणखी खाली आला. सागावर टेकला. टिक.

कोपरे नेहमीसारखे, बाकी सगळा नकाशा निळसर, सपाट. हर्षल ओरडला आणि त्यानं मला भुशासकट उचललं.

दोन्ही फळ्या तशाच झाल्या, एकही पान खोल गेलं नाही. वास्तुशांतीला दार उभं राहिलं तेव्हा पूजेपेक्षा जास्त गर्दी दारापुढं होती. उत्तमराव येईल त्याला थांबवून बोंडांवर हात फिरवायला लावत होते. कोकिळाकाकूंनी पान न् पान तपासलं, भोक सापडलं नाही, तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जेवणाच्या पंगतीतच हर्षलला लोणारचं एक काम मिळालं, आणि एका शाळेच्या पाटीचं.

त्यानंतरच्या आठवड्यात टेबल रोज मधोमध सपाट येत होतं. सासूबाईंनी बोलल्याप्रमाणे रसपोळी केली. आंबे चोखट होते, आम्ही पोट फुटेस्तोवर खाल्लं. सासूबाईंनी एक ताट वाढून शेडमध्ये नेलं, आणि संध्याकाळी तसंच परत आणून म्हशीपुढं ठेवलं. "नाई आला," त्या म्हणाल्या. "यील, त्याच्या सवडीनं."

शाळेची पाटी करायची होती त्या दिवशी हर्षल एका विहिरीवर मोटर उतरवायला गेला होता. सासूबाई घरात तांदूळ निवडत होत्या. सुपात पाखडल्याचा आवाज येत होता. मी पाटीची फळी आवळली, आरा लावला आणि टेबलाशी उभी राहिले. लॅपटॉप उजव्या हाताला. बाहेर ऊन, पत्रा तडतडत होता. मी गुणगुणत होते.

मशीन भिंतीकडून सुरुवात करते आणि एकेक ओळ माझ्याकडे येत जाते.

पहिल्या ओळी निळ्या आल्या. मग एका ओळीत चार छोटे लाल ठिपके उमटले, सुटे सुटे.

मी गुणगुणणं थांबवलं. आधी नेहमी मनगट पहिल्यांदा यायचं, भिंतीकडून. हे ठिपके बोटांच्या टोकांएवढे होते.

पुढची ओळ. ठिपके लांब झाले.

मला मशीन बंद करता आलं असतं. लाल बटण हाताशीच होतं. मी केलं नाही, कारण ओळ अर्धी सोडायची नाही ही आमची सवय, आणि मला वाटत होतं पुढच्या ओळीत ते निवळेल.

बोटं जुळली. अंगठा आला, बाजूनं. पंज्याची पाठ. आरा माझ्याकडे येत होता, हवेत टेकत.

टिक.

मनगट आलं. त्याच्या दोन्ही बाजूंना फळी निळी होती.

मनगट संपलं नाही. पुढच्या ओळीतही होतं, थोडं रुंद. त्याच्या पुढच्याही. हात या वेळी भिंतीकडून नव्हता, माझ्या बाजूनं, मागून पुढं आला होता.

घरातला सुपाचा आवाज थांबला. सासूबाईंनी आतूनच हाक मारली, आनंदानं, "संजू, कोन आलं वं?"

शेवटची ओळ उरली होती, टेबलाच्या माझ्याकडच्या कडेची. आरा डावीकडून टेकत आला. फळीवर, फळीवर, आणि मग माझ्या समोर, पोटापासून वीतभर अंतरावर, हवेत थांबला. स्प्रिंग दबली.

मी मागं वळून पाहिलं नाही. मागंही सरकले नाही. फक्त पोट जरा आत ओढून घेतलं, त्याला जागा व्हावी म्हणून.